पाइपाला ढेपेची पोती

मी आयुष्यात एकदाच पाइपाला कपडे घातले, आणि ते बैलानं उतरवले.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. बोरगावच्या वाटेवर आमचं वावर, तिथंच घर. विहिरीपासून अंगणातल्या हौदापर्यंत काळा पाइप उघड्यावर पडलेला. मे महिन्यात तोटी सोडली की असं कढत पाणी यायचं, पत्ती टाकली तर चहा झाला असता! (साखर तेवढी लागली असती.)

अन् त्याच दिवसांत मोहगावचे पाहुणे आमच्या लेकीला, सुमनला, पाहायला येणार. आधीचं एक स्थळ फिरून गेलं होतं. पाणी कढत म्हणून नव्हे, पण बायको तसंच धरून बसलेली.

"अवो, पाइप झाका! पाहुण्याचे पाय भाजले तर पोरगी घरातच राहीन!"

जुनी रीत सगळ्यांना ठाऊक. ओली पोती गुंडाळायची, वरून गवत-मातीचा लेप, अन् पाणी शिंपडत राहायचं.

"कोठ्यात फाटके पोते हायेत, ते घ्या," ती म्हणाली.

"तू मले शिकवून राहिली काय?"

फाटकी पोती पाहुण्यांना दिसली तर इज्जत काय राहील! मी चांगली काढली, सरकीच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची. ढेप संपली होती, भुगा शिवणीत भरलेला. गवत सापडलं नाही म्हणून लेपात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, कालवलं. ढेप, कुटार, वरून पाणी! जनावरांची पंगत मी विहिरीपासून हौदापर्यंत वाढून ठेवली, अन् मिशीवर हात फिरवला.

पाहुणे दमणीतून आले. त्यांचे बैल मीच मानानं सोडले अन् सावली पाहून बांधले. सावली नेमकी पाइपावर!

"पाय धुवा, पाहुणे! पाणी पाहा कसं थंड हाये!"

मुलाचे वडील तोटीखाली पाय धरून उभे राहिले. तोटी खोकली, थुंकली, अन् गप्प.

"मोटर बंद पडली काय, भाऊ?"

"नाही जी, येऊन राहिलं पाणी. दुरून येते ना!"

तेवढ्यात बायको ओरडली, "अवो, बैल पाइप खाऊन राहिला!"

वळून पाहतो तर पोतं बैलाच्या शिंगात, पाइपाचा जोड निखळलेला, अन् पाण्याचा फवारा आभाळात! मी धावलो, पाइप धरला. (तिथंच चुकलं.) पाइपाचं तोंड वळलं ते सरळ पाहुण्यांवर! आधी टोपी उडाली, मग चष्मा, मग पाहुणे धोतरासकट न्हाले.

सुमन पोह्यांची प्लेट घेऊन दारात पुतळ्यासारखी. बायकोनं पदरात तोंड लपवलं. म्हटलं, गेलं हेही स्थळ!

पाहुण्यांनी तोंड पुसलं.

"भाऊ, पाणी खरंच थंड हाये हो!" मग चघळणाऱ्या बैलाकडे पाहून म्हणाले, "ज्या घरी पाइपालेही ढेप-कुटार भेटते, तिथली माणसं कंजूस नसतात. आपलं जमलं समजा!"

आता सुमनला नातवंडं आहेत. तिची माय औंदा दिवाळीच्या आधी गेली. घर मुकं झालं माझं. ती होती तोवर कोणी विचारलं, "हे स्थळ कोणं जमवलं?" की मी छाती फुगवायचो, अन् ती आतून ओरडायची,

"दोन बैलायनं! एकानं पाइप बांधला, दुसऱ्यानं खाल्ला!"