एकही ठिपका नसलेली प्लेट

शिरूरहून पहाटेची एसटी धरायचे तेव्हा माझ्या मांडीवर थर्मोकोलची पेटी असायची आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, पोलिओचे डोस का? सुरुवातीला मी समजावून सांगायचे की यात बर्फ आहे, काचेच्या बाटल्या आहेत, विहिरीचं पाणी न्यायचं आहे. पुढे कंटाळून हो म्हणायला लागले. पोलिओच्या बाईला बसायला जागा मिळते, विहिरी तपासणाऱ्या बाईला मिळत नाही, हे माझं पहिलं संशोधन. तेवढं एकच बिनचूक निघालं असं मला कधीकधी वाटतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होते. न्हावऱ्यापासून खाली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंड-भांडगावापर्यंत काही विहिरी निवडल्या होत्या. ऋतू बदलतो तसे त्यांच्या पाण्यातले जिवाणू कसे बदलतात, कुठले वाढतात, कुठले नाहीसे होतात, हे बघायचं होतं. शनिवारी घरी शिरूरला यायचं, सोमवारी पहाटे निघून वाटेतल्या विहिरींचे नमुने घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत पुण्याची प्रयोगशाळा गाठायची, असा माझा क्रम होता; एका विहिरीची पाळी दीड-दोन महिन्यांनी यायची आणि तो दिवस मी मालकांना आधी सांगून ठेवायचे. अम्मीला मी नक्की काय शिकते ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती सांगायची, माझी मुलगी पाण्यातले किडे मोजते. ते तसं फार चूक नव्हतं.

माझ्या यादीतली एक विहीर न्हावऱ्याच्या अलीकडे एका वस्तीवर होती. मालक शेवंती आणि कांदा करायचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. विहीर उघडी, दगडी बांधकामाची, आत पारव्यांची घरटी. त्या वर्षी वस्तीवर सरकारी योजनेतून नवे संडास झाले होते आणि एकाचा शोषखड्डा विहिरीपासून पंधरा पावलांवर होता. मी तो पावलांनी मोजला होता आणि वहीत लिहूनही ठेवला होता. डोळे माझे चांगलेच होते.

त्या हिवाळ्यात आबांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिली होती दौंडला. सातवा महिना नुकताच लागला होता. माझ्याच वयाची. बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालं, त्यामुळे माझ्या बाटल्या आणि चिमटे बघून तिचे डोळे लकाकायचे. मी बाटलीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याच्या ज्योतीवर धरलं की ती विचारायची, यानं किती मरतात, किती उरतात? तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. तारीख, वेळ, विहिरीचा नंबर, सगळी लेबलं ती भरायची. मला ती आवडायची, हे सरळ सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गावात येणाऱ्या नर्सबाईंनी तिला उकळून गार केलेलं पाणीच प्यायला सांगितलं होतं. मावशी रोज सकाळी चुलीवर हंडा ठेवायच्या. लेक वैतागली होती. पाण्याला धुराचा वास येतो, तहान भागत नाही, अशी तिची तक्रार होती. मी निघताना ती पेटीला हात लावून म्हणाली, "ताई, तुमच्या तपासणीत पानी चांगलं निघालं तर कळवाल का? मंग आई हंडा ठेवायची बंद हुईल."

मी हो म्हटलं.

तो रमजानचा महिना होता आणि मला रोजा होता. एरवी प्रत्येक घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की मी घोटभर तरी प्यायचे. पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक सर त्यावरून ओरडायचे; जे पाणी संशयित आहे तेच पितेस, तुला डिग्री कोण देणार? पण दारात बसून पाणी नाकारणं मला जमायचं नाही. त्या दिवशी मात्र नाकारलं आणि कारण सांगितलं. मावशींनी लगेच तांब्या उचलला आणि रोजा कधी सुटतो, घरी कोण करतं, हे सगळं आस्थेनं विचारलं. घोटभर प्यायले असते तर त्या दिवशी पाण्याची चव वेगळी आहे हे जिभेला कळलं असतं. नाकाला नाही कळलं, कारण नाकात स्पिरिट होतं.

दोन दिवसांनी मी इन्क्युबेटर उघडला. प्लेटवर एक एक जिवाणू वाढून डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होतो, तो मोजायचा असतो. बाकीच्या विहिरींच्या प्लेटा नेहमीसारख्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. आबांच्या विहिरीची प्लेट कोरी होती. मैल्याचे जिवाणू असले की सोबतच्या परीक्षानळीतलं जांभळं पाणी पिवळं होतं आणि आत बुडबुडा धरतो. आबांच्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. एकही ठिपका नाही, एकही बुडबुडा नाही.

ज्या विहिरीत पारवे राहतात, जिच्यात पाला पडतो, शेजारी शोषखड्डा आहे, तिच्यात एकही जिवाणू नाही. हे बारावीच्या पोरालाही खटकलं असतं. मला आनंद झाला. इतके महिने मी लोकांच्या विहिरींची घाण मोजत होते, एकदा तरी कुणाला चांगलं सांगायला मिळतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सरांचा नियम होता की एका नमुन्यावरून कुणाला काही सांगायचं नाही, तीन वेळा तपासायचं, मग बोलायचं. मी त्याच दुपारी पोस्टकार्ड लिहिलं. पत्ता आबांचा, मजकूर तिच्यासाठी. तुमच्या विहिरीचं पाणी उत्तम आहे, उकळायची गरज नाही. खाली सही केली आणि सहीखाली माझा विभाग लिहिला, म्हणजे वजन येईल. आलं तसं वजन.

महिन्याभरानं सरांनी माझी वही बघितली. त्या शून्यापाशी त्यांचं बोट थांबलं. "ही विहीर आहे का सलाईनची बाटली?" ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की बाटलीत हायपो घातला होता का. हायपो म्हणजे फोटो धुणारे वापरतात तेच मीठ. पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल तर हायपो तिचा जोर तिथल्या तिथे मोडतो. तो नसेल तर पावडर बाटलीतही काम करत राहते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उरलंसुरलं सगळं मारून टाकते. मी घातला नव्हता. त्या वस्त्यांवर पावडर कोण टाकतो, असं मी म्हटलं. सर म्हणाले, कुणी टाकत नाही म्हणून तर घालायचा, टाकली तर कळावं म्हणून. परत जाऊन नमुना आण.

मी लगेच गेले नाही. घरातलं एक लग्न आलं, मग कॉलेजच्या परीक्षांचं काम आलं. तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांचा जाब मला कुणी विचारला नाही.

गेले तेव्हा मार्चचं ऊन पडलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी काय घडलं ते सांगितलं. वस्तीवर काविळीची साथ येऊन गेली होती. चारपाच जणांचे डोळे पिवळे झाले, ते पथ्यपाणी करून उठले. लेक उठली नाही. आधी शिरूरला नेलं, तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. आठव्या महिन्यातच बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. पोटुशीला ही कावीळ झेपत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर पाच ओळी लिहून मार्क मिळवले होते.

मी कामाला लागले. विहिरीत बाटली सोडली, भरली, लेबल लिहिलं. माझं अक्षर फार वाईट आलं. आबा मागे येऊन उभे राहिले होते. ते अपराध्यासारखे म्हणाले, "बाई, ह्या टायमाला पावडर टाकायची ऱ्हायली बघा. घरात हे असं झालं, ध्यानातच न्हाई आलं. मागं तुमी येनार म्हनून पंचायतीच्या शिपायाकडनं पिशवी आनून पहाटंच टाकली व्हती."

पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावं तशी त्यांनी विहीर सारवली होती. वर्षातल्या त्या एकाच दिवशी, माझ्यासाठी. मी पेटी उचलली आणि एसटी गाठली.

या वेळच्या बाटलीत हायपो होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नळ्या पिवळ्या झाल्या, सगळ्या, आणि प्लेटवर मोजायला जागा उरली नव्हती. त्या लेकीला नक्की काय बाधलं हे आमच्या प्लेटवर दिसत नाही, ते जिवाणूपेक्षाही बारीक असतं. मैला विहिरीत उतरतोय एवढं मात्र स्पष्ट होतं. पत्र गेलं नसतं तर ती जगलीच असती, असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. लिहिताना मी आजही 'शक्यता' हाच शब्द वापरते. घरी एकटी असताना तो मला वापरता येत नाही.

सरांनी प्लेट बघितली आणि ओरडले नाहीत. फक्त विचारलं, त्या घरात आता पाणी कोण पितं? मग माझ्या लक्षात आलं की लेकीची तान्ही मुलगी आबांकडेच आहे.

मी पुन्हा वस्तीवर गेले. मावशी दारात बसून बाळाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होत्या. गाईचं दूध, पाणी घालून पातळ केलेलं. बाळ एवढंसं होतं, हाताची बोटं काडीसारखी. शेजारी पाण्याची कळशी होती, विहिरीवरून नुकतीच आणलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं की पाणी वाईट आहे, आजपासून उकळल्याशिवाय कुणीही प्यायचं नाही, बाळाला तर थेंबही द्यायचा नाही.

आबा आत गेले आणि माझं पोस्टकार्ड घेऊन आले. कार्डाचे कोपरे मऊ पडले होते. दौंडच्या लोकांनी तेराव्याला बोल लावला होता की तुमच्या पाण्यानंच आमची सून गेली. तेव्हा आबांनी हे कार्ड सगळ्यांपुढे ठेवलं होतं. पुण्याच्या बाईंनी तपासलंय, सही आहे, असं त्यांनी जावयाला वाचून दाखवलं होतं. त्यावर तो विषय मिटला होता.

मी म्हटलं, आबा, ते चुकीचं आहे, माझी बाटली चुकली होती. त्यांनी मान हलवली. तुम्ही किती निगुतीनं बाटली भरलीत ते मी स्वतः बघितलं, म्हणाले. आमच्या दुःखापायी तुम्ही स्वतःवर घेऊ नका. ते माझी समजूत घालत होते. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सरळपणे विचारलं, "तवा चांगलं म्हनला, आता वाईट म्हनता. आमी कवाचं खरं धरायचं?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मावशींचा बोळा पुन्हा वाटीत बुडाला आणि बाळाच्या तोंडाशी गेला.

येताना सगळ्या वाटेत मी ठरवलं होतं की पावडरीचं बोलायचं नाही. सगळा दोष माझ्याकडे घ्यायचा आणि त्यांना तेवढ्यापुरतं तरी मोकळं ठेवायचं. पण नुसत्या माझ्या चुकीवर त्यांचा विश्वास बसत नव्हता आणि वाटी अर्धी झाली होती. मग मी सांगितलं. पहाटे टाकलेल्या पावडरीनं त्या दिवसापुरतं विहिरीतलं सगळं मेलं. माझ्या बाटलीतही ती मारत राहिली. म्हणून मला पाणी चांगलं दिसलं. दोन दिवसांत पावडरीचा जोर संपला, खड्ड्यातली घाण पुन्हा उतरली, आणि तोवर माझं पत्र येऊन तुमचा हंडा बंद झाला होता.

मावशींना आधी कळलं. त्यांनी बाळ आबांच्या मांडीवर दिलं, वाटीतलं दूध अंगणात ओतलं आणि आत जाऊन चूल पेटवली. आबा बाळाकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "म्हंजी, म्याच केलं हे."

मी नाही म्हटलं. हायपो मी घातला नव्हता, पत्र मी लिहिलं होतं, तीन आठवडे मी आले नव्हते, हे सगळं म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं. ते तसं बोलले आणि मी तोंड उघडलं, यामध्ये थोडा वेळ गेला. त्या वेळात माझ्या छातीवरचं अर्धं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं मला वाटलं, आणि मी ते त्यांना उचलू दिलं.