पाणी मागणारा माणूस

मुंबईत बायांचे खून होत होते आणि मी वाशीमजवळच्या अनसिंगला बसून त्यात तिखट-मीठ घालत होते. हे सांगायला आता लाज वाटत नाही. वय झालं, लाजेची सगळी कामं उरकून झाली. पण तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. वाशीमच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, आमच्या वस्तीतली पहिलीच पोरगी. मॅट्रिक म्हटल्यावर हिला अक्कल किती, हे कोणी विचारत नसे.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती दोन-तीन वर्षं. बाबा रेल्वेत गँगमन होते, रुळांच्या दुरुस्तीवर. स्टेशन मास्तरांकडे नागपूरचा पेपर यायचा, तोही एक दिवस शिळा. त्यांचा वाचून झाला की बाबा तो डब्याच्या फडक्यात गुंडाळून घरी आणायचे. म्हणजे आमच्यापर्यंत येईस्तोवर बातमीला दोन दिवस झालेले असत आणि तिला भाकरीचा वास लागलेला असे.

आमच्याकडे पेपर एकट्यानं वाचायची पद्धत नव्हती. संध्याकाळी, उजेड असतानाच, समाजमंदिरात वंदना व्हायची आणि वंदनेनंतर पेपर. वस्तीनं धर्म बदलला तेव्हा एका म्हाताऱ्या पंचानं हा नेम घालून दिला होता. पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा आणि वाचणाऱ्याला मधे कोणी टोकायचं नाही. आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या कोणी अक्षर शिकवलं नव्हतं, म्हणून छापलेल्या अक्षराचा मान मोठा. पेपरात आलं म्हणजे झालंच. केसांच्या तेलाची जाहिरातसुद्धा माणसं भिंतीला टेकून गंभीरपणे ऐकायची. वर्षभर हे वाचायचं काम माझ्याकडे होतं.

तर मुंबईत भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, कामाला जाणाऱ्या बायांचे एकामागून एक खून होऊ लागले. दार तोडलेलं नसायचं, चोरी झालेली नसायची आणि करणारा सापडत नव्हता. सुरुवातीला पेपरवाल्यांनी चांगला अर्धा रकाना दिला, मग तेही कंटाळले. 'तपास सुरू आहे' एवढी एक ओळ यायला लागली. इकडे डाळ निवडता निवडता हात थांबवून वीस-पंचवीस बाया माझ्या तोंडाकडे बघताहेत. एका ओळीत आटपून मी सरकीच्या भावाकडे वळले की त्यांची तोंडं उतरायची. मला ते बघवेना.

म्हणून एका संध्याकाळी मी त्या ओळीपुढे आणखी चार ओळी वाचल्या, ज्या कुठेच नव्हत्या. म्हटलं, पोलिसांना असं कळलं आहे की तो माणूस दुपारी येतो. अंगात पांढरा सदरा. दारात उभा राहतो आणि घोटभर पाणी मागतो. बाई पाणी आणायला आत वळली की मागून आत शिरतो. एक जण हळूच "अवं माय" म्हणाली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. मीही त्याला मग मिशा दिल्या, गोड आवाज दिला. मेलेल्या बायांचं वाईट वाटत नव्हतं का? खरं सांगते, नव्हतं वाटत. मुंबई इतकी लांब होती की तिथली मेलेली माणसं मला गोष्टीतली वाटायची.

मग एप्रिलच्या सुरुवातीला पोस्टमननं लिफाफा आणून दिला. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती. तीन वर्षं शिक्षण, राहणं-जेवण होस्टेलात. महिना संपायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. अर्ज करताना मलाही वाटलं नव्हतं की कोणी उत्तर देईल. मी अंगणात धावत गेले आणि मायला पत्र वाचून दाखवलं. माय दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तो सापडल्याबिगर तुले मुंबईले धाडत नाही."

"कोण तो?"

"पाणी मांगणारा."

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला त्या अंगणात नीट कळलं. मी म्हटलं, माय, मी एकटी थोडीच राहणार, होस्टेल आहे, शंभर पोरी आहेत, फाटकावर वॉचमन असतो. माय म्हणाली, "अन् तोच वॉचमन असला म्हंजे?" यावर मॅट्रिकच्या कोणत्याच पुस्तकात उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी पेपर उघडायची ती एकाच बातमीसाठी. रोज तेच, तपास सुरू आहे. कधी तेवढंही नाही. तारखा सरकत होत्या. माझी भूक गेली, भांडी आपटायला लागले, शेजारणीशी विनाकारण भांडले. मला जायचं होतं. निंदायला, कापूस वेचायला माझा नकार नव्हता, पण पांढऱ्या कपड्यात, पायात बूट घालून दवाखान्याच्या लांब व्हरांड्यातून चालणारी मी मला इतकी स्पष्ट दिसायची की रडू यायचं.

आठवडा उरला तेव्हा बाबा सकाळी कामावर निघताना माझ्याजवळ थांबले. मायच्या हट्टापुढे त्यांचं कधी चालत नसे, आणि त्याचं त्यांना दुःखही नसे. ते हळू आवाजात म्हणाले, "आज वाचून टाक ना, सापडला म्हणून."

"खोटं वाचू, बाबा?"

"खोटं काहून? आज ना उद्या सापडनच. आपल्याले पेपर दोन दिवस उशिरा येते, तू दोन दिवस आंधी वाचजो. हिसाब बरोबर."

बाबांचा हिशेब मला फार आवडला. भाकरी थापताना मी त्या खुन्याला परळला पकडला, भांडी घासताना दादरला पकडला. शेवटी ठरलं की एका बाईनंच त्याला ओळखून आरडाओरडा केला आणि लोकांनी धरला. वाचताना आवाज कुठे चढवायचा तेही ठरवून टाकलं. इतके दिवस पन्नास वेळा खोटं वाचलं होतं, हे एकावन्नावं.

दुपारी मी घरामागे गोवऱ्या थापत होते. पुढच्या दारात मायचा आवाज ऐकू आला, "पाणी नाही इथं. पुढं जा." मग कडी लागल्याचा आवाज. मी हात तसेच घेऊन आत गेले तर माय दाराला पाठ लावून उभी, घाम फुटलेला, पण चेहऱ्यावर मोठी लढाई जिंकल्यासारखा भाव. "आलता," ती म्हणाली. "पांढरा सदरा. पाणी मांगून राह्यला होता. मी आत वळलीच नाही."

फटीतून पाहिलं. डोक्याला फडकं बांधलेला एक म्हातारा काठी टेकत रेल्वे फाटकाकडे चालला होता. सदरा कधीकाळी पांढरा असेल. वरून आग ओतत होती आणि तो दहा पावलं चालून थांबत होता.

माय लहान असताना तिला किती दारांतून 'पाणी नाही, पुढं जा' ऐकावं लागलं होतं, ते तिनंच मला कितीदा सांगितलं होतं. सांगताना अजून तिचा आवाज बदलायचा. आज तेच शब्द आमच्या दारातून बाहेर गेले होते आणि ते तिच्या तोंडात मी घातले होते. मी पाण्याचा गडवा भरला, मागच्या दारानं निघाले आणि पळत सुटले.

फाटकाजवळ म्हातारा गाठला. त्यानं गडवा दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता रिकामा केला. मग मला म्हणाला, "पोरी, तुमच्या वस्तीत काई वंगाळ झालं काय? तीन घरं झाली, मले पाहून दारं लावून राह्यले."

"चूक झाली, आजोबा," मी म्हटलं. "माझी."

त्याला काय कळणार? त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रूळ ओलांडून पलीकडच्या गावाच्या वाटेनं गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी होते, हातांना शेण तसंच.

त्या संध्याकाळी पेपर उघडला. सगळा वाचला, भाव वाचले, तेलाची जाहिरात वाचली. माय बायांमध्ये पुढे बसली होती, माझ्याकडे टक लावून. बाबा भिंतीपाशी, मान हलवून मला धीर देत. मी पेपराची घडी घातली आणि म्हटलं, "मुंबईचा खुनी सापडला नाही. अन् तो पाणी मागतो, हे पेपरात कधीच नव्हतं. पांढरा सदराही नव्हता. ते सगळं मी मनानं रचून वाचलं."

मग नेम घालून देणाऱ्या त्या म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "पेपर सरला काय?"

"सरला."

"मंग आता टोकतो," ते म्हणाले. आणि त्यांनी जे टोकलं ते मी इथे लिहीत नाही. थोडक्यात, छापलेल्या अक्षराशी मी काय केलं ते त्यांनी मला समजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून पेपर माझ्याकडून काढून घेतला. काही बायांनी शिव्या दिल्या. एक शेजारीण म्हणाली, "माहा जवाई पांढरा सदरा घालून आलता, त्याले मी आंगणातच बसोलं वं, तुह्यापाई." यावर सगळे हसले. माय हसली नाही. उठून घरी गेली आणि मला जेवायला वाढलं.

सकाळी ती पत्र घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "हे बी तुनंच रचलं काय?"

पंचांच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या, पण हे लागलं. मी म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, पत्र पदरात बांधलं आणि उन्हातान्हाची स्टेशनवर चालत गेली. दोन तासांनी आली. हातपाय धुतले, उंबऱ्याजवळ बसली.

"मास्तरनं वाचलं. तू वाचलं होतं तसंच हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या बुढ्याचं पाप अर्धं तुह्यावर, अर्धं माह्यावर. मले डोळे होते. मी सदरा पाह्यला, तोंड नाही पाह्यलं."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं.

"एक सांग," ती म्हणाली. "काल तुले 'सापडला' म्हणून वाचता येत होतं. काहून नाही वाचलं?"

मी रडायची थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

"तुह्या बापानं. कामावर जाता जाताच. त्याच्या पोटात कधी काही राह्यलं काय? मी काल तेच आयकाले बसली होती. तू सापडला म्हनली असती त हे पत्र चुलीत गेलं असतं."

"पण माय, तो तर अजून सापडला नाही."

"नाही सापडला. मले भेव वाटते, अन् वाटतच राहीन." तिनं पदराची गाठ सोडून पत्र माझ्या हातात दिलं. "पण तू तिथं गेल्यावर मले काय दिसणार हाय? चिठ्ठी ईन. कोणी वाचून दाखवन. त्यात 'मी बरी हाय' असन, त ते मले खरं मानाच लागन. खोटं लिहिणाऱ्या पोरीची चिठ्ठी उशाखाली घेऊन मी झोपू कशी? जा. पण मले खरं लिहिजो. वंगाळ असलं त वंगाळ लिहिजो."

महिना संपायच्या दोन दिवस आधी बाबा मला रेल्वेच्या पासावर मुंबईला पोचवून आले. तीन वर्षांचं शिक्षण, मग पस्तीस वर्षांची नोकरी, सगळं तिथूनच निघालं, आणि सुखाचं निघालं. तो माणूस कधीच सापडला नाही. खून आपोआप थांबले, का थांबले कोणाला कळलं नाही आणि पेपरवाले दुसऱ्या बातम्यांना लागले. त्या बायांची नावं मी नंतर दवाखान्याच्या वाचनालयातल्या जुन्या पेपरांत शोधून वाचली. त्यातली एक माझ्यासारखीच लांबच्या खेड्यातून आलेली होती.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पत्र लिहायला बसले. 'मी बरी आहे' असं लिहिलं आणि ती ओळ खोडली. मग लिहिलं: "माय, पहिले दोन दिवस मी रडले. खोलीच्या दाराची कडी नीट बसत नव्हती, मला भीती वाटली. सांगून ती नवी बसवून घेतली. तो सापडला नाही. जेवण पोटभर मिळतं, पण भाजीत तिखट नसतं. काम आवडतं."

उत्तर स्टेशन मास्तरांच्या अक्षरात आलं, चांगल्या शुद्ध मराठीत, घरी सर्व कुशल असल्याचं. फक्त शेवटची ओळ मायची होती; ती त्यांनी तिच्या तोंडची तशीच उतरवली होती: "कडीचं लिहिलं ते बरं केलं. आता झोप येते."