लाल पाणी आणि मावशीची अंगठी

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत दोन सदरे, खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी आणि एक आरोप होता. आरोप माझ्या मावसभावाचा, सुरेशदादाचा. डोणगावहून त्याचा फोन आला होता: "आईची सोन्याची अंगठी वैशालीनं पाण्यात गायब केली बे! तू शिकेल माणूस, बुलढाण्याले जाऊन पाह्य. लबाडी निघाली तं तिचं कॉलेज बंद, सामानासकट घरी."

वैशाली त्याची पुतणी. बुलढाण्याच्या एका कॉलेजात सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन करते. रसायनशास्त्रात मी बारावीला काठावर पास झालो होतो, हे दादाला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

बुलढाण्याला रेल्वे नाही. चिखलीला एसटी बदलली. शेजारी पांढऱ्या टोपीचे एक काका होते. मी हकिगत सांगताच ते सावरून बसले.

"सोन्याचं पाणी? जपून राहा बापा. आमच्याकडं एक जण दागिने चमकवून दे. बाईच्या डोळ्यांदेखत पाटली पाण्यात बुडवली, वापस देल्ली तं हलकी! अर्धं सोनं पाण्यातच राह्यलं."

बुलढाण्यात उतरेपर्यंत माझ्या मनात वैशालीला हातकड्याही घालून झाल्या होत्या. हवा मात्र गार होती. गुन्हा शोधायला अगदी योग्य.

प्रयोगशाळेत तिनं एक काचनळी उजेडात धरली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. "हे सोनं काका. कण इतके बारीक की पिवळे दिसतच नाहीत. घरी गरोदरपणाची चाचणी करतात नं, त्या पट्टीवरची लाल रेघ याचीच." शेजारच्या नळीत पिवळसर पाणी होतं, ती चांदी. जंतू मारते म्हणून जखमेच्या पट्टीत घालतात म्हणे.

सोनं लाल आणि चांदी पिवळी! एवढा उघड खोटेपणा मी राजकारणातही पाहिला नव्हता. हे सरबत आहे, अशी माझी खात्री झाली. ती कपाटाकडे वळली आणि मी चव घ्यायला बोट नळीत बुडवलं. बोट वाटेतल्या शेंगदाण्यांच्या मिठानं माखलेलं. बोट तोंडाकडे जाण्याआधीच लाल पाणी जांभळं झालं, मग निळं.

"काय करून राह्यले काका!" ती किंचाळली. "पंधरा दिवसांची मेहनत! अन चव घेता? इथलं काही तोंडात घालाचं असते का?"

"सरबत वाटलं मला. बोट... जरा खारट होतं," मी म्हणालो.

ती कपाळाला हात लावून बसली. मग हसायलाच लागली. "मिठानं कण एकमेकांले चिकटतात, म्हणून निळं झालं. तुमच्या सरबताचं होते का असं? घ्या, हे सोनंच आहे, तुम्हीच सिद्ध केलं."

"मग मावशीची अंगठी?"

तिचं हसू थांबलं. खणातून तिनं कागदाची पुडी काढली. आत अंगठी होती. कड जराशी घासलेली. "आजीनंच देल्ली, तुह्या प्रयोगाले घे म्हणून. प्रयोगाचं सोनं आम्हाले बाटलीत येते, पण तिचं मन मोडवेना. चिमूटभर कीस आम्लात टाकला. पाणी हिरवं झालं. तांबं-जस्त. पितळ आहे काका." ती हळू म्हणाली, "आजोबांनी लग्नात घातली होती. म्हणून सांगतलं, विरघळली. लबाड म्हणोत मले."

अंगठी तिनं दिली नाही. लाल पाण्याची एक बंद कुपी दिली.

मेहकरमार्गे डोणगावला पोचलो. मावशीनं कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. मी कुपी पुढे केली. "मावशी, हे बघ तुझं सोनं."

तिनं कुपी उन्हात धरली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मला जेवढा घाम फुटला, तेवढा बारावीच्या तोंडी परीक्षेतही फुटला नव्हता.

"पितळाचं असं लाल पाणी होते का रे?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"लग्नाच्या साली बोटाले हिरवा डाग पडे. मी चिंचेनं घासू, कोणाले दिसू नये म्हणून. त्यायचं मन राखलं. पोरीजवळ मुद्दाम देल्ली. म्हटलं पाहू, पितळ आहे हे मले तोंडावर सांगते का." तिनं पदर डोळ्यांना लावला. "माह्यावरच गेली."

सुरेशदादा दारात येऊन उभाच होता. "मंग? लबाड कोण निघालं?"

"मी देल्ली होती अंगठी," मावशी कडाडली. "पोरगी शिकन. अन तिले सांग, प्रयोग झाला असन तं अंगठी वापस पाठव. माह्या बोटाले सवय आहे."

परतीच्या गाडीत पुडीतले शेंगदाणे उरले होते. खाण्याआधी मी बोट नीट पुसलं, आणि शेजाऱ्यानं कुणाकडे गेला होता म्हणून विचारलं तेव्हा पहिल्यांदाच गप्प बसलो.