भिंतीपलीकडे कोण राहतं?

हिंजवडीत नोकरी लागली आणि घरात पाच स्पीकरचं होम थिएटर हवंच, असं माझ्या डोक्यात बसलं. त्यातलं मला काही कळत नव्हतं. वॉटचे आकडे तेवढे पाठ करून मी पेठेतल्या एका दुकानात गेलो.

दुकानदार साठीचे होते. मी बोलत असताना ते मऊ फडक्याने एकच स्पीकर पुसत राहिले. माझे आकडे संपल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"भिंतीपलीकडे कोण राहतं?"

"गणिताचे निवृत्त सर."

"मग स्पीकर चालवणारा साधा रिसीव्हर आणि दोन स्पीकर न्या. उरलेले तीन नंतर जोडता येतात."

"पण मला पाचही हवेत. पैसे आहेत."

"पैसे आहेत हो. भिंत आहे का?"

सर शिंकले की आमच्याकडे ताटली वाजायची.

दोनच स्पीकर आणून मी दबक्या आवाजात सिनेमे बघू लागलो. आठवड्याने सरांनी बेल वाजवली. माफी मागायच्या तयारीने मी दार उघडलं.

"अहो, काल खुनी कोण निघाला? गोळी ऐकू आली, नाव नाही आलं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन हे सांगितलं. दुकानदार हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पुसणं थांबवलं आणि काउंटरखालून एक खोका काढला.

"हा मधला स्पीकर. संवाद यातून येतात. आणि पुढच्या खरेदीला सरांना पाठवा. तुमच्यापेक्षा ते नीट ऐकतात."