पिंकीच्या घराची राखण

"अंकल, यहाँ पानी नहीं चढ़ता." जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली ती पोर हे इतक्या शांतपणे सांगायची, की खालून येणारा माणूस अर्ध्या जिन्यातच विचारात पडायचा. असेल सात-आठ वर्षांची. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची नाही, त्याच्या चपलांकडे बघायची. आता ती कुठे असेल, कोण जाणे.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. माझ्या दारासमोरचं क्वार्टर पिंकीचं आणि खालचं या पोरीचं. तिन्ही घरं मराठी. दोघी पोरी रांगत होत्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी. एकीला हाक मारली की दुसरी ओ द्यायची. कोण कुणाकडे जेवली, कुठे झोपली, याची चौकशी आम्ही बायकांनी केव्हाच सोडून दिली होती.

मग पिंकीच्या वडलांची बदली झाली, पार दक्षिणेतल्या युनिटला. ट्रक भरून झाल्यावर पिंकीच्या आईने दाराला कुलूप घातलं, डोळे पुसले आणि या पोरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "आमच्या घराकडे लक्ष ठेव हं." निघताना आपण सगळेच असं काहीतरी बोलतो, तसंच ते. किल्ली तर तिला लगेच ऑफिसात जमा करायची होती. पोरीने मान हलवली.

टाउनशिपची रीत तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगते. क्वार्टर रिकामं झालं की टाउनशिपबाहेर अवधपुरी, आनंद नगरला भाड्याने राहणारी कारखान्यातली माणसं रविवारी बायकोला स्कूटरवर बसवून ते बघायला येतात. खिडकीतून आत डोकावतात. पाणी कसं आहे, ऊन येतं का, शेजार कसा आहे, विचारतात आणि पसंत पडलं तरच अर्ज टाकतात. आता हे विचारणार कुणाला? जिन्यात बसलेल्या पोरीला.

पाण्यापासून सुरुवात झाली. मग छत गळायला लागलं. मग न्हाणीघरात विंचू निघाला. एका बाईंना तर तिने सांगितलं, "आंटी, सामनेवाली काकू बहुत लड़ती हैं." सामनेवाली काकू म्हणजे मी. दाराआड उभी राहून मी तोंडात पदर कोंबला. मी भांडत नाही असं नाही, पण एवढीही नाही.

गोष्ट तिच्या आईच्या कानावर गेली. आईने तिला ओढत वर आणलं, "माग काकूंची माफी." पोर माझ्या पायांकडे बघत राहिली. आई खाली गेल्यावर मी तिला तूप-साखरेची पोळी दिली आणि विचारलं, "का गं बाई, लोकांना पळवून लावतेस?"

"दुसरं कुणी आलं तर पिंकीचं घर जाईल ना, काकू."

"अगं, पिंकी आता तिकडे राहायला गेली."

"बदलीच तर झालीय," ती म्हणाली. "बदली झाली तर परत पण होते. घर रिकामं असलं तरच येतील ना ते. मावशी मला घराकडे लक्ष ठेवायला सांगून गेलीय."

एवढ्याशा जिवाने रडायचं सोडून पहारा धरला होता. शाळेतून आली की दप्तरासकट पायरीवर. खालून पोरं खेळायला हाका मारायची, ही जायची नाही. दिवाळीत तिने त्या बंद दारापुढे पणतीसुद्धा लावली. फार वाईट वाटायचं मला तिच्याकडे बघून.

पण क्वार्टर किती दिवस रिकामं राहणार? जे बघायलाही आलं नव्हतं अशा एका कुटुंबाने अर्ज टाकला आणि त्यांना ते मिळालं. भिंतींना चुना मारून झाला आणि एका सकाळी टेम्पो आला. हमाल कपाट घेऊन वर चढले, तर ही दोन्ही हात पसरून दारात उभी. अंगावर शाळेचा गणवेश, पायात एकच मोजा.

"भैया, ये पिंकी का घर है."

हमालांनी कपाट जिन्यातच टेकवलं. नवीन बाई भल्या होत्या, बाजूला सरकून उभ्या राहिल्या. तिची आई धावत वर आली, पण पोरीला हात लावायचं तिच्याच्याने होईना. शेवटी मी गेले. तिचे हात एकेक करून खाली घेतले. त्यांत जोर असा नव्हताच. तिला माझ्या घरात आणलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर सामान सरकत होतं. ती ऐकत बसली. रडली नाही. मग म्हणाली, "काकू, आता पिंकी आली तर कुठे राहील?"

"माझ्याकडे."

"पण कुठे?"

मुलांना मोघम उत्तर चालत नाही. मी बाहेरच्या खोलीतला दिवाण दाखवला. तिने तो हाताने दाबून पाहिला. "दोघी मावू का?" म्हणाली, आणि बघायला म्हणून वर चढली. भिंतीला पाठ लावून, अंग चोरून, होता होईल तेवढी बारीक होऊन आडवी झाली. तशीच झोपली.

दुपारी भोंगा झाला. आमचे हे जेवायला घरी आले आणि सवयीने दिवाणावर टेकायला गेले. मी हात धरून थांबवलं.

"तिथे नको," मी म्हटलं. "ती पिंकीची जागा आहे."

त्यांनी झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि खाली चटईवर बसले.