उजव्या वळणावरचा लाल दिवा

"ताई, लाल दिवा परत लागला."

घाटगेसाहेबांचा फोन दिल्लीजवळच्या एका रेस ट्रॅकवरून आला होता. मी झाशीत, कानपूर रोडवरच्या माझ्या गॅरेजमध्ये, एका जीपच्या गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बसले होते. फोन आमचे मिस्त्री हल्केभैया यांनी माझ्या कानाशी धरला होता.

"कुठे लागला?"

"त्याच लांबलचक उजव्या वळणावर. दोन सेकंद. मग गेला."

"किती वेळा?"

ते जरा घुटमळले. "सात-आठ लॅप झाले. दर लॅपला."

"साहेब, आता इंजिन चालू करायचं नाही. ट्रकवर चढवून आणा."

"पण तुम्हीच म्हणालात ना, सेन्सर खराब आहे म्हणून? बदललात पण."

म्हणाले होते. बदललाही होता. तरीही दिवा लागला होता.

हा लाल दिवा ऑइल प्रेशरचा. इंजिनाच्या तळाशी पत्र्याची एक परात असते, तिला संप म्हणतात. चार लिटर ऑइल त्यात साठलेलं असतं. एक नळी त्या ऑइलात बुडालेली असते. पंप त्या नळीतून ऑइल ओढतो आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागाला पोचवतो. प्रेशर पडलं की दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे लोखंडावर लोखंड घासायला सुरुवात होणार. पेट्रोल संपलं तर गाडी नुसती थांबते. ऑइल थांबलं तर इंजिन जातं.

घाटगेसाहेब लेफ्टनंट कर्नल, मूळचे कोल्हापूरचे, पोस्टिंग झाशीजवळच्या बबीना छावणीत. गाडी पंचवीसेक वर्षं जुनी, लाल, दोन सीटांची जपानी स्पोर्ट्स कार. बटण दाबलं की हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे बोनेटमधून वर यायचे. पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टर-पार्टवाल्यापासून समोरच्या समोसेवाल्यापर्यंत सगळे ते बघायला जमले होते. साहेबांना शर्यत नव्हती करायची. ट्रॅक डे नावाचा प्रकार असतो. बंद ट्रॅकवर आपली गाडी घेऊन जायचं, हौसेनं जोरात चालवायची आणि घरी यायचं. नंबर नाही, कप नाही.

मी स्वतः इथल्या एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत बावीस वर्षं टेस्टिंगला होते. व्हीआरएस घेतली आणि गॅरेज टाकलं. आमचं घराणं झाशीत चार पिढ्यांचं. साहेब पहिल्याच भेटीत हसले होते. मी म्हटलं होतं, "अंमळ थांबा, चहा ठेवते." ते म्हणाले, "ताई, 'अंमळ' शब्द मी थेट पणजीनंतर आज ऐकला."

त्यांची पहिली मागणी सगळ्यांची असते तीच होती, पॉवर वाढवा. मी नाही म्हटलं. आधी थांबायला शिकवू, मग वळायला, मग पळायला. ब्रेकचं ऑइल जास्त उष्णता सोसणारं घातलं. पॅड बदलले. स्प्रिंगा कडक केल्या. गाडी उलटलीच तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे जाड पाइपाची कमान बसवली. शेवटी ट्रॅकचे खास टायर घातले. हे टायर मऊ रबराचे. गरम झाले की रस्त्याला गोंदासारखे चिकटतात. पुढच्याच ट्रॅक डेला गाडी इतकी सुंदर वळली की साहेबांनी तिथून मला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्याच्या शेवटी म्हणाले, "हो, आणि एका वळणावर लाल दिवा लुकलुकला जरा."

गाडी झाशीला आल्यावर मी प्रेशर मोजलं. अगदी ठणठणीत. गरम करून मोजलं, तरी ठणठणीत. मग मी जुन्या गाड्यांच्या बाबतीत सगळे काढतात तोच निष्कर्ष काढला. सेन्सर म्हातारा झालाय. नवा बसवला, हात धुतले.

आणि त्या भरवशावर साहेब त्या दिवशी आठ लॅप मारत राहिले.

गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा तेही आले होते. मी जुना ऑइल फिल्टर करवतीनं कापला आणि आतला कागद ट्रेमध्ये पसरला. उन्हात धरला तर त्यावर चकचकीत कण दिसले, रांगोळीत अभ्रक मिसळावा तसे. हल्केभैयांनी कागद बघितला. बिडी काढली आणि बाहेर गेले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या इंजिनाचं बेअरिंग."

संप खोलला. खालची बेअरिंग म्हणजे मऊ धातूच्या अर्धगोल वाट्या असतात. त्यांच्यात मुख्य दांडा फिरतो. एका वाटीचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. दांड्यावरून नख फिरवलं. ओरखडा नव्हता. जीव भांड्यात पडला. अजून चार लॅप झाले असते तर दांडा गेला असता, आणि तो दांडा आपल्याकडे मिळणं जवळजवळ अशक्य.

मी साहेबांकडे वळले. "दिवा खरं सांगत होता. मी त्याला खोटं ठरवलं. चूक माझी आहे."

त्यांनी ती वाटी उचलून उन्हात धरली. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "ताई, चाळीस दिवसांनी मी बॉर्डरवर चाललो. तीन वर्षं तरी गाडी बघायला मिळणार नाही. जायच्या आधी एक ट्रॅक डे आहे. आई म्हणते विकून टाक. मलाही वाटायला लागलंय, म्हातारीला कशाला छळतोय."

"तुमची गाडी, तुमचा निर्णय," मी म्हटलं. "पण कारण सापडेपर्यंत विकू नका. मला शोधू द्या."

साहेबांच्या डॅशबोर्डवर कॅमेरा होता. आम्ही गॅरेजच्या बाकावर बसून सगळे लॅप बघितले. डाव्या वळणांवर दिवा गप्प. छोट्या उजव्या वळणांवर गप्प. फक्त एका लांब उजव्या वळणावर, वळण सुरू झाल्यावर दोन-अडीच सेकंदांनी पेटायचा. दर लॅपला त्याच जागी. आजारी सेन्सर इतका शिस्तीत वागत नाही.

मग मी साहेबांना विचारलं, "टायर बदलायच्या आधी हे कधी झालं होतं?"

"कधीच नाही."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात मीच उभी होते. जुन्या टायरांवर गाडी जोरात वळवली की ती थोडी घसरायची. नव्या टायरांनी घसरणं बंद केलं, वळणातला जोर वाढला, आणि त्या जोरानं संपमधलं ऑइल एका बाजूला चढायला लागलं. उजवीकडे वळलं की ऑइल डावीकडे. ओढणारी नळी उजव्या बाजूला. पातेलं कलतं झालं की डावात वरण येत नाही, तसा प्रकार.

खात्री करायला ट्रॅक लागत नाही. चिकट टायरांवरच्या जोरदार वळणात ऑइल साधारण पंचेचाळीस अंशांत कलतं. मी संप टेबलावर ठेवला, मापानं ऑइल ओतलं, नळी तिच्या जागी धरली आणि हल्केभैयांना म्हटलं, "अब टेढ़ा करिए. और. और थोड़ा." पंचेचाळीसला नळीचं तोंड उघडं पडलं. ट्रॅकवर त्या वळणात पंप ऑइलऐवजी हवा ओढत होता.

"लेओ," हल्केभैया म्हणाले, "पकर लओ चोर."

उपाय नवा नाही. संपमध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या घालून ऑइल अडवायचं. तयार पट्ट्या परदेशातून मागवल्या तर दोन महिने. आमच्याकडे आता छत्तीस दिवस. बेअरिंगच्या वाट्या दिल्लीच्या एका डीलरकडे मिळाल्या. पट्ट्या मात्र इथेच करायच्या होत्या. मी ड्रॉइंग काढलं. नळीभोवती पत्र्याची एक पेटी आणि ऑइल आत यायला चारी बाजूंना भोकं. पातळ पत्र्यावर, तो न वाकवता वेल्डिंग करणारा माणूस कोण? हल्केभैयांनी एकच नाव घेतलं. चिरगावचे मातादीनजी.

मातादीनजी पाण्याचे टँकर बनवतात, ट्रॅक्टरमागे ओढायचे. बुंदेलखंडात उन्हाळा आला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. सत्तरीचे, डोक्याला गमछा, चष्म्याच्या एका काडीला तार बांधलेली. मी ड्रॉइंग पुढे केलं आणि समजावून सांगितलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"बिन्नू," ते म्हणाले. इकडे मुलीला, बहिणीला बिन्नू म्हणतात. मी साठीची आहे, पण हरकत नाही. "पूरो भरो टैंकर नईं पलटत. आधो भरो पलटत. काय?"

"क्यों?" त्यांच्या बुंदेलीत 'काय' म्हणजे 'का'; तेच मी त्यांना परत विचारलं.

"पानी खों दौड़बे की जगा मिल जात."

पाण्याला धावायला जागा मिळते. एरचच्या रस्त्यावर त्यांचा एक टँकर असाच वळणावर आडवा झाला होता. तेव्हापासून ते आत पडदे घालतात. मग त्यांनी माझ्या पेटीच्या भोकांवर बोट ठेवलं. "और जे छेद? जिते से आहै, उतई से भग जैहै."

ज्या भोकातून ऑइल आत येईल त्याच भोकातून ते बाहेर पळेल. बावीस वर्षं टेस्टिंगला काढलेल्या बाईला हे दिसायला हवं होतं.

"तो क्या करें?"

त्यांनी कोपऱ्यातला उंदराचा पिंजरा दाखवला. झडप फक्त आत उघडते. उंदीर येतो, जात नाही. पेटीच्या प्रत्येक बाजूला अशी एक छोटी झडप. ऑइल आत लोटलं की उघडेल, बाहेर लोटलं की मिटेल. रेसिंगवाले हेच करतात हे मी नंतर घरी येऊन शोधलं आणि गप्प बसले.

मी एकच अट घातली. आत एकही स्क्रू नको. संपमध्ये सुटलेला स्क्रू इंजिन खातो. बिजागरीच्या काड्या दोन्ही टोकांना ठोकून पसरवायच्या, बाकी सगळं वेल्ड. मातादीनजींनी दोन दिवसांत पेटी संपमध्ये वेल्ड करून दिली. झडपा नुसत्या फुंकरीनं हलत होत्या.

त्यापुढचं काम माझं. संपच्या बाहेरून वेल्डवर खडू फासला आणि आत डिझेल भरून चार तास ठेवलं. डिझेल भोकातून झिरपलं की पांढऱ्या खडूवर काळा ठिपका उमटतो. कंपनीत मोठमोठ्या टाक्या आम्ही अशाच तपासायचो. एका कोपऱ्यात ठिपका आला. परत चिरगाव. मातादीनजींनी ठिपका बघितला, चष्मा पुसला आणि परत वेल्ड मारलं. दुसऱ्या वेळी खडू पांढराच राहिला.

मग पुन्हा तीच टेबलावरची परीक्षा. पंचेचाळीस अंश. मी मनात दहा आकडे मोजले. नळीचं तोंड ऑइलात बुडालेलंच राहिलं. हल्केभैयांनी समोरून सगळ्यांसाठी समोसे मागवले.

यावेळी मी ट्रॅकवर बरोबर गेले. डॅशबोर्डवर आकडे दाखवणारा प्रेशर गेज लावला होता. साहेबांना बजावलं, "काटा हिरव्या खुणेखाली गेला की क्लच दाबा आणि इंजिन बंद. माझा विचार करू नका, माझ्या पट्ट्यांचा तर मुळीच नाही."

"येस मॅडम," ते म्हणाले. हेल्मेटच्या आतून हसले असावेत.

पहिले तीन लॅप हळू. चौथ्याला त्यांनी गाडी मोकळी सोडली. मी पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीशी उभी होते. ते वळण तिथून दिसत नाही, फक्त ऐकू येतं. इंजिनाचा आवाज तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा, लांब टिकायचा आणि मग सरळ रस्त्याला फुटायचा. मी दर वेळी श्वास धरून तो टिकलेला आवाज मोजत होते. सातव्या लॅपनंतर गाडी अचानक पिटमध्ये आली. मी भिंत सोडून धावले.

साहेबांनी हेल्मेट काढलं. "ताई, बसा."

"काटा पडला का?"

"काटा जागचा हलला नाही. बसा. तुम्हाला फिरवून आणायचंय."

माझ्या डोक्यावर उसनं हेल्मेट घातलं गेलं. ट्रॅक कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी काट्याशिवाय काही बघितलंच नाही. त्या वळणावर माझं सगळं अंग दारावर जाऊन चिकटलं, गाल हेल्मेटच्या गादीत रुतला, आणि काटा किंचित थरथरून हिरव्या खुणेच्या वर उभा राहिला. मी ओरडले. साहेबांना वाटलं घाबरले, म्हणून त्यांनी वेग कमी केला. मी म्हटलं, "कमी कशाला करता? परत घ्या ना वळण!"

दिवसभरात अठ्ठावीस लॅप झाले. झाशीला आल्यावर फिल्टर कापला. कागद स्वच्छ.

साहेबांनी गाडी विकली नाही. जायच्या आधी ते मातादीनजींना भेटून आले. टाकी छान झाली म्हणाले. मातादीनजींनी विचारलं, "कित्ते लीटर की?" चार, ऐकून त्यांनी मान हलवली. एवढ्याशा पाण्यासाठी एवढी धावपळ!

त्यानंतर माझ्या गॅरेजचा एक नियम झाला. ट्रॅकचे टायर घालायला कोणी आलं की मी आधी संप खोलते. लोक वैतागतात. परवाच ग्वाल्हेरचा एक जण म्हणाला, "मॅडम, मी टायरसाठी आलोय, इंजिन कशाला उघडता?"

"टायर चांगले आहेत म्हणून," मी म्हटलं. गाडीतली एक वस्तू सुधारली की तिचा भार दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूवर जातो. ती कोणती हे आधी शोधलं तर एक दुपार जाते. नंतर शोधलं तर इंजिन.