मी, कारखानदारीण

"वहिनी, तुमच्या खिडकीतून असं काय राजदर्शन होतं? गटारच ना? त्यापेक्षा फलक बरा की!"

साहेब हे बंगालीत म्हणाले. सगळ्यांना कळावं म्हणून. नगरपालिकेच्या दालनात खसखस पिकली. मेंबर हसले, कारकून हसला, दारातला शिपाईसुद्धा हसला.

आणि मी? मीही हसले. पदर तोंडाला लावून, लाजत. स्वतःवरच्याच विनोदाला दाद देणारी इतकी गुणी बाई तुम्ही पाहिली नसेल. आज हाती सापडली तर कान उपटीन तिचा.

कलकत्त्याच्या कडेला, बेहाला नावाच्या वस्तीत आमची एक खोली. खिडकीही एकच. नवरा बजबजच्या ताग गिरणीत कारकून. मी खिडकीशी मशीन ठेवून ब्लाउज शिवायची. काळा दोरा आणि गडद निळा दोरा दिव्याखाली सारखेच दिसतात. त्याला दिवसाचा उजेडच लागतो. आमची अर्धी चूल त्या खिडकीवर पेटायची.

साहेब मोठ्या रस्त्यावरच्या बंगल्यात. सरकारी बदलीवर आलेले अधिकारी. मराठी, म्हणजे आपल्यातले. त्यांच्या गणपतीला मी पहाटेपासून त्यांच्या स्वयंपाकघरात मोदक वळायची. पंगत बाहेर, मी आत. उरलं तर माझ्या पानात. पण साहेब 'वहिनी' म्हणायचे ना! तेवढ्यावर मी वर्षभर फुगलेली. शेजारची शेफाली पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेली. तिच्याशी मी दार अर्धं लावूनच बोलायची. साहेबांच्या ओळखीची बाई मी, थट्टा आहे का!

मग मोठ्या रस्त्यावर जाहिरातीचे फलक लागणार अशी बातमी आली. बंगल्यांनी हरकत घेतली. रस्त्याची शोभा जाते म्हणे. नगरपालिकेनं तोड काढली: राहत्या वस्तीत फलक नकोत, कारखान्यांच्या वस्तीत चालतील. कुठली वस्ती कसली, ते लिहायला कारकून घरोघर फिरू लागला. आमच्या गल्लीत तो यायच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः दारात.

"वहिनी, घर म्हणून काय सांगता? शिवणाचा कारखाना म्हणा. मान वाढतो."

म्हटलं! नुसतं म्हटलं नाही, कारकुनाला चहा पाजून म्हटलं. वर शेफालीलाही शहाणपण शिकवलं: तुझा नवरा घरात छत्र्या दुरुस्त करतो ना, तोही कारखानाच. तिनंही कारकुनाला तसंच सांगितलं. एक मशीन, एक कात्री, आणि मी कारखानदारीण.

सुनावणीला कारकुनानं वाचून दाखवलं. मोठा रस्ता: राहती वस्ती. आमची गल्ली: कारखाने. पहिला फलक आमच्या खिडकीसमोर.

मी उठून कसंबसं म्हटलं, "उजेड जाईल." त्यावर साहेबांचा तो विनोद. त्यावर माझं ते हसणं.

हसता हसता बाजूला पाहिलं. शेफाली हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. एकदा घर गेलेल्या बाईची नजर ती. आता काय जाणार आहे, ते तिला माझ्याआधी कळलं होतं. माझं हसू तोंडातच आंबलं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. 'आमची हरकत नाही' असं लिहिलेला. आता मात्र मराठीत, हळूच:

"सही करा, वहिनी. आपल्यातल्या आपल्यात तमाशा कशाला?"

मी बंगालीत ओरडले. सगळ्यांना कळावं म्हणून. "आमि शोई कोरबो ना!" नाही करणार सही. आम्ही तिथं झोपतो, जेवतो, बाळंत होतो. मी कारखाना म्हणाले, ते खोटं बोलले. कुणाच्या सांगण्यावरून, तेही लिहून घ्या.

कुणी लिहून घेतलं नाही. कारकुनानं टाक खाली ठेवला.

फलक लागला. केसांच्या तेलाचा. बाईचा हसरा चेहरा रस्त्याकडे, आमच्याकडे बांबू आणि खिळ्यांची टोकं. भर दुपारी दिवा लावून शिवू लागले. निळ्यावर काळा दोरा घातला, गिऱ्हाईक तुटलं. मग डोळेही अधू झाले.

भाद्रपदात साहेबांचा गडी निरोप घेऊन आला: मोदकांना बोलावलंय.

मी म्हटलं, "साहेबांना सांग, त्या गल्लीत माणसं राहतच नाहीत. तुमच्याच कागदावर आहे. आणि कारखान्यात मोदक वळत नाहीत."

गडी गेला. मी शेफालीच्या दारात गेले. मला बंगाली बोलता यायचं, लिहिता नाही. ती लिहू लागली, मी सांगू लागले. अर्जाचं पहिलं वाक्य: आम्ही इथं राहतो.

अर्ज फेटाळला. दुसरा दिला. तोही फेटाळला. मग मी ठरवलं, फलक आधी कुजतो की मी, ते बघायचं. आणि 'आपल्यातले' म्हणून कुणी कागद पुढे केला, तर सहीआधी एवढंच विचारायचं: फलक कुणाच्या खिडकीपुढे लागणार?

अजून विचारते. आता हसत नाही.